पहिल्या हाकेची ओ

१

भाग्यश्रीच्या पहिल्या हाकेला अनेकांतने ओ दिली, असे त्यांच्या संसारात सहसा घडले नव्हते. पहिली हाक स्वयंपाकघरातून निघे, मधल्या खोलीतून येई आणि त्याच्या टेबलाच्या कडेशी विरून जाई. दुसरी कानावर पडे, पण मनापर्यंत पोहोचत नसे. तिसरीला तो लेखणी खाली ठेवी, चष्मा कपाळावर चढवी आणि म्हणे, "ओ."

"देव पावला!" ती आतून म्हणे. "एवढ्या हाकांत रंकाळ्यावर फिरायला गेलेला माणूससुद्धा परत आला असता की."

तो कॉलेजात मराठीचे व्याकरण शिकवी. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात खालच्या रिक्षांचा आणि क्लासला निघालेल्या पोरांचा गलबला दिवसभर येई. तो ऐकू न येण्याची सवय त्याने लावून घेतली होती, आणि त्या सवयीत बायकोची हाकही केव्हातरी जाऊन पडली होती. मूलबाळ नव्हते. घरात हाक मारणारे माणूस एक आणि ओ देणारे एक. चूकभूल होण्यासारखे काही नव्हते.

त्याचे नाव तिने एकदाच घेतले होते, लग्नात, उखाण्यातून, तेही नणंदांनी चिमटे काढल्यावर. मांडवातून बाहेर पडताच तो 'अहो' झाला. या शब्दावर तो दरवर्षी वर्गात एक तास रंगवी. संस्कृतात 'अहो' हे आश्चर्याचे अव्यय. मराठी बायकांनी ते नवऱ्याला बहाल केले, म्हणजे ज्याच्याविषयीचे आश्चर्य सर्वांत लवकर संपते त्यालाच. या शब्दाला लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही आणि मालकही नाही. मुले हसत. घरी येऊन तो हे भाग्यश्रीला सांगे, तेव्हा ती मात्र हसत नसे.

"पोरांसमोर घरातलं काढू नका हो," एवढेच म्हणे.

ती कागलकडची. तिकडच्या बायका बोलतात तशी ती 'मी आलो, मी गेलो, मी वाढतो' असेच बोले. लग्नानंतर पहिली काही वर्षे त्याने तिची क्रियापदे दुरुस्त केली. "आलो नव्हे, आले." ती मान डोलावी आणि जाताना म्हणे, "बरं, मी जातो आत." शेवटी त्याने नाद सोडला.

आपले तिच्यावर प्रेम आहे का, असा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारला नव्हता. ती आपली आहे, एवढे त्याला पुरे होते. पण ती माहेरच्या फोनवर खळखळून हसली, भाजीवाल्याशी दोन शब्द जास्त बोलली, दूरदर्शनवरच्या एखाद्या नटाला 'गुणाचा हाय बघा' म्हणाली, की त्याच्या छातीत काहीतरी बारीक, टोकदार फिरे. आपल्या वाट्याचे कोणीतरी खात आहे, असे वाटे. तो ते बोलून दाखवीत नसे. फक्त त्या दिवशी तिसऱ्या हाकेलाही ओ देत नसे.

२

दोन हजार आठच्या फेब्रुवारीत शनिवार-रविवार धरून दोघे नाशिकला गेली. गजपंथ या जैन तीर्थाचे दर्शन भाग्यश्रीच्या मनात फार दिवस होते, आणि तिची मावसबहीण राजमती तिथे राहत होती. राजमतीच्या यजमानांची द्राक्षबाग होती आणि तिथली द्राक्षे एका वाइन करणाऱ्या कारखान्याला जात.

सकाळी म्हसरूळची, गजपंथाची टेकडी चढून झाली. दुपारी राजमतीने त्यांना गाव दाखवले. काळ्या पाषाणाची देवळे, तांब्यापितळेच्या दुकानांची रांग, आणि या सगळ्याच्या मधून, घाटाच्या पायऱ्यांना अंग घासत जाणारी गोदावरी. कोल्हापूरची पंचगंगा गावाच्या कडेने जाते; इथे नदी घरात शिरल्यासारखी गावात शिरली होती. भाग्यश्री दर पायरीला थांबत होती, जे दिसेल त्याला 'अगं बाई' म्हणत होती. अनेकांतला वाटले, ही आपल्या घरात एवढे कधी बोलत नाही.

"आता द्राक्षांचं काय होतं ते बघायला चला," राजमती म्हणाली.

"आपण जैन माणसे," अनेकांत म्हणाला. "मद्याच्या कोठारात आपले काय काम?"

"दाजी, प्या म्हणतंय कोण? नुसतं बघा. बघितल्यानं नेम मोडत न्हाई."

गावाबाहेर तो कारखाना होता. दारावरच्या पाटीकडे पाहून अनेकांत थांबला. "वाइनला मद्य म्हणणे ढोबळ झाले," तो म्हणाला. "आसव म्हणावे. न उकळता आंबवतात ते आसव, काढा करून आंबवतात ते अरिष्ट. आणि आपल्या शास्त्रातला आस्रव वेगळा बरे का. त्यात धातू 'स्रु' आहे. बाहेरचे जे झिरपत झिरपत आत्म्यात येते, तो आस्रव."

"हितं तरी शाळा नको," भाग्यश्री म्हणाली, आणि राजमती पदर तोंडाला लावून हसली.

तळघरात उतरायला दगडी जिना होता. खाली थंडावा, अंधुक पिवळे दिवे, आणि दोन्ही बाजूंना आडवी ठेवलेली लाकडी पिंपे. पिकलेल्या फळाचा, ओल्या लाकडाचा आणि आणखी कशाचा तरी, ज्याला त्याच्याकडे शब्द नव्हता, असा वास होता. राजमतीने सांगितले की इथे ही पिंपे वर्षानुवर्षे नुसती पडून असतात. आतले आत काय ते बदलत राहते. अनेकांत पिंपांवर खडूने काय लिहिले आहे ते वाचत पुढे गेला. बहिणी जिन्याशीच गप्पा मारीत राहिल्या.

"हितं आवाज लई घुमतोय बघ," मागून राजमतीचे शब्द आले. "मार की हाक दाजींना."

"अहो!" भाग्यश्रीने हाक मारली.

"ओ," असे उत्तर आले.

अनेकांतने वळून पाहिले. त्याचे ओठ मिटलेले होते. उत्तर पलीकडच्या रांगेतून आले होते, पिंपांच्या मागून; तिथे भिंत होती.

"बाई! पहिल्या हाकेला!" राजमती टाळी देत म्हणाली. "नाशिकचं पाणी दाजींना मानवलं गं."

आणि भाग्यश्री हसली. तोंडावर हात न धरता, मान मागे टाकून, लग्नाआधी तो तिला पाहायला गेला होता तेव्हा आतल्या खोलीतून ऐकू आले होते तसे. ते हसू आपल्यासाठी आहे, असे किती तरी दिवसांनी त्याला वाटले. 'मी ओ दिली नाही' हे वाक्य त्याच्या जिभेवर तयार होते. त्याने ते गिळले आणि हात वर करून हलवला.

३

प्रतिध्वनीच तो, त्याने वर आल्यावर स्वतःशी मांडणी केली. 'अहो' शब्द भिंतीवर आपटून परत येतो, तेव्हा आरंभीचे वर्ण झिजतात आणि शेवटचा दीर्घ स्वर उरतो. अ गेला, ह गेला, ओ राहिला. ध्वनिशास्त्राच्या पहिल्या धड्यातली गोष्ट.

मांडणी निर्दोष होती. फक्त भाग्यश्रीचा आवाज बारीक, आणि परत आलेला स्वर भरदार होता. भिंत शब्द झिजवते. बाईच्या गळ्याचा पुरुषाचा गळा करते, असे कोणत्याही धड्यात नव्हते.

राजमतीकडे दिवस मावळायच्या आत जेवणे झाली. उजेड होता तोवर नदीवर जाऊन येऊ, म्हणून दोघे घाटावर आली. भाग्यश्री पायऱ्या उतरून पाण्याशी गेली. अनेकांत वर एका देवळाच्या भिंतीवरचा शिलालेख वाचीत राहिला. अक्षरे झिजली होती आणि एक जोडाक्षर त्याला सोडवेना.

"अहो, बघा तरी पाणी किती गार हाय!"

त्याने ऐकले. ही पहिली हाक. जोडाक्षर 'ष्ण' असावे की 'ष्ट', हे ठरवून मग उतरू, असे त्याच्या मनात आले.

"व्हय की," भाग्यश्री खाली म्हणाली. मग हसली. मग थोडा वेळ, कोणी बोलत असताना माणूस गप्प असतो तशी गप्प राहिली. मग, "न्हाई हो, मला कुठलं येतंय पोहायला!"

तो पायऱ्या उतरला. ती एकटीच पाण्यात पावले सोडून बसली होती. तिच्या शेजारी, खालच्या पायरीवर, दगड ओला होता. पण घाटावरचे सगळेच दगड कोठे ना कोठे ओले होते.

"कोणाशी बोलत होतीस?"

तिने वर पाहिले. चेहऱ्यावर हसू अजून मावळले नव्हते. "तुमच्याशी की. आणि कुणाशी?" मग जरा थांबून, लाडाने, "आज कसं काय बाई लगोलग ओ देतासा? असं असतंय तर दर महिन्याला आणत जावा मला नाशकाला."

शेजारून एक कुटुंब गेले, एक भेळवाला गेला. यांच्यापैकी कोणी तिला उत्तर दिले असेल? तो भेळवाल्याच्या पाठीकडे बराच वेळ पाहत राहिला. उंच होता, दंड चांगले होते. असल्या माणसाचा राग करणे सोपे होते, आणि राग करायला कोणीतरी सापडले, याचे त्याला बरेच वाटले.

४

कोल्हापुरात परतल्यावर चार-आठ दिवस नेहमीसारखे गेले. मग एका सकाळी, तो मोरीत दाढी करीत असता, स्वयंपाकघरातून हाक आली.

"अहो, दूध उतू जातंय, जरा गॅस बारीक करा. माझे हात पिठात हायेत."

"ओ," असे ऐकू आले. आणि खटका फिरल्याचा आवाज.

वस्तरा त्याच्या गालावर थांबला. आरशात त्याचे तोंड साबणाने भरलेले होते, आणि बंद होते.

तो बाहेर आला तेव्हा भाग्यश्री कणीक तिंबत होती. दूध बारीक आचेवर होते.

"बघा," ती खाली मान घालून म्हणाली, "नाशकाहून आल्यापासनं पहिल्या हाकेला ओ देतासा. राजमतीला फोन करून सांगितलो मी. म्हटलं, तुझे दाजी सुधारले."

त्याने टॉवेलने तोंड पुसले. आता सांगावे, असे त्याला वाटले. पण तिच्या कपाळावर पिठाचा एक ठिपका होता आणि ती त्याच्याकडे, तोंड पुसणाऱ्या त्या माणसाकडे, अशा काही समाधानाने पाहत होती की तो म्हणाला, "हो. म्हटले, जरा सुधारावे."

त्या दिवसापासून त्याच्या वाट्याला न केलेल्या कामांचे कौतुक येऊ लागले. त्याने न आणलेली कोथिंबीर वेळेवर आली, त्याने न बसवलेला दिवा बसला. भाग्यश्री गुणगुणू लागली. केसांत अबोली आली. हे सगळे त्याच्याच नावावर जमा होत होते, आणि दर वेळी ते स्वीकारताना त्याच्या छातीतले ते टोक आणखी आत जात होते.

एकदा दुपारी तो कॉलेजातून लवकर परतला. किल्लीने दार उघडून आत आला आणि बूट काढायला वाकणार, तोच स्वयंपाकघरातून बोलणे ऐकू आले. आवाज अगदी हलके होते, दोन माणसे शेजारी शेजारी बसून बोलतात तसे.

"बसा की."

"आलो, आलो."

"बसतो जरा हितंच."

तो बोळकांडीत उभा राहिला. 'बसा' हे तिचे, यात शंका नव्हती. 'आलो' कोणाचे? 'बसतो' कोणाचे? महाराष्ट्रात इतरत्र कोठेही क्रियापदाने साक्ष दिली असती. इथे व्याकरण हात वर करून उभे होते. ती म्हणाली असेल. ती तसेच म्हणते. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटले, आपण हिची क्रियापदे दुरुस्त करायचे सोडायला नको होते.

तो आत गेला. भाग्यश्री एकटी ओट्याशी होती. तिने त्याच्या पायांकडे पाहिले.

"हे काय? आत्ता तर चप्पल काढून बसलासा खुर्चीत. आणि परत बूट कशाला घातलासा?"

५

त्याने शोध घेतला, आणि रीतसर घेतला. मोरीच्या खिडकीतून डक्ट दिसे, त्यातून वरच्या मजल्यावरचे आवाज खाली येत. वरच्या घरात एक विधुर गृहस्थ, गणपतराव, राहत. त्यांना 'अहो' म्हणणारे कोणी उरले नव्हते. खाली क्लास होता. तिथे सगळे एकमेकांना 'ए' म्हणत.

मग त्याने शर्यत लावली. सुट्टीच्या दिवशी तो पुस्तक घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशीच बसू लागला. पुस्तक नुसते हातात. सारे लक्ष तिच्या ओठांवर. तिने श्वास घेतला की तो तयार होई. "अ", आणि त्याचे तोंड उघडे. पण शब्द पुरा होण्यापूर्वी ओ देता येत नाही. आणि पुरा होताच ती दुसरी ओ आलेली असे, मागच्या खोलीतून, शांत, भरदार, घाई नसलेली. त्याची ओ तिच्या पाठीवर आपटे.

"किती वेळा ओ देतासा?" भाग्यश्री म्हणे. "एकदा ऐकलो की."

आवाज त्याचाच होता, हे त्याला मान्य करावे लागले. तोच गळा, तोच स्वर. पण त्यात एक गोष्ट अशी होती जी त्याच्या ओमध्ये कधीच नव्हती. तिला काय म्हणावे, यावर तो पुष्कळ विचार करी. तत्परता? नव्हे, ती नोकराची असते. अगत्य? जवळ, पण नेमके नव्हे. ज्याला हाक मारली जाण्याचीच वाट होती, त्याची ती ओ होती.

आणि आपल्याला जे होते त्याचे नाव काय? वडिलांनी, तात्यासोंनी, त्याचे नाव शास्त्रातून निवडले होते: कोणत्याही वस्तूला एकच अंत नसतो, एका अपेक्षेने ती आहे, एका अपेक्षेने ती नाही. त्या धोरणाने त्याने तपासून पाहिले. असूया म्हणावी, तर असूया गुणातही दोष काढते. आणि त्या ओमध्ये त्याला दोष सापडत नव्हता. हेवा म्हणावा, तर हेव्यात दुसऱ्यासारखे व्हावेसे वाटते. ते वाटत होते. मत्सर म्हणावा, तर मत्सरात दुसरा नसावा असे वाटते. तेही वाटत होते. पण त्यासाठी आधी दुसरा असायला हवा. मागच्या खोलीत तो जाऊन पाही. पलंग, कपाट, खिडकी. पलंगावरची चादर नीट घातलेली. कोणी नाही.

तरी खोलीत शिरण्यापूर्वी तो आता दारावर टिचकी मारू लागला होता, हे त्याच्या ध्यानात फार उशिरा आले.

६

"मला नावाने हाक मारीत जा," एका सकाळी चहाच्या वेळी तो म्हणाला.

भाग्यश्रीने बशी खाली ठेवली. "काय?"

"नाव. अनेकांत. आजकाल सगळ्या मारतात."

"मारू देत. मला न्हाई जमायचं."

"का?"

"जीभ रेटत न्हाई हो. आणि एवढ्या वर्षांनी आता हे काय खूळ? वर्गातल्या कुठल्या पोरीनं मारली का काय नावानं हाक?"

"'अहो' म्हणजे कोणीही," तो म्हणाला. आवाज चढू न देण्याची त्याने काळजी घेतली. "रिक्षावालाही अहो, पोस्टमनही अहो. तो शब्द कोणाचाच नाही. मला तो नको. माझे नाव माझे आहे. ते घेतलेस की ओ देणारा मीच असेन."

"मग आत्तापतुर कोण देत होता?" तिने हसत विचारले.

त्याने पेला खाली ठेवला. तिचे हसू थोडे थोडे करून ओसरले. तिने त्याच्याकडे पाहिले, मग त्याच्या खांद्यावरून मागच्या खोलीच्या दाराकडे, आणि परत त्याच्याकडे.

"बरं," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला 'अहो' नको असंल तर ऱ्हायलं."

"म्हण पाहू."

तिने पदर सावरला. ओठ हलले, थांबले. "अनेकांत," ती म्हणाली.

"ओ!" त्याने दिली. मागची खोली गप्प होती.

पुढचे काही दिवस त्याने विजयात काढले. "अनेकांत, सिलिंडरवाला आलाय." "ओ!" "अनेकांत, पाणी आलंय, मोटर लावा." "ओ!" घरभर त्याचीच ओ. वर्गात त्याने 'अहो'वरचा तास यंदा घेतला नाही.

पण नावाशी जीभ अडखळण्याचा तिचा संकोच फार दिवस टिकला नाही, आणि संकोच गेल्यावर तिथे काय उरले ते ऐकून तो विचारात पडला. ती त्याला नीट, स्वच्छ, सौजन्याने हाक मारी. शेजारच्या माणसाला मारावी तशी. चहा आता पेल्यात येईना. काचेच्या कपाटातल्या निळ्या कपबशा बाहेर निघाल्या होत्या, आणि बशीत दोन बिस्किटे असत. "आणखी घ्या की," ती म्हणे, "लाजू नका." एके दिवशी त्याची गादी बाहेरच्या खोलीत घातलेली दिसली.

"इकडं वारं चांगलं येतंय," ती म्हणाली. "तुमची आबाळ व्हायला नको."

त्यात कोठे राग नव्हता. भांडायला जागाच नव्हती. ती सुखात दिसत होती, अंगाने भरली होती, आणि ती मागच्या खोलीत गेली की दार हलकेच लोटून घेई.

बाहेरच्या खोलीत तो कान देऊन बसे. 'अहो' ऐकू येत नव्हते. आपण जिंकलो, असे तो स्वतःला बजावी. आणि मग, तहान लागावी तसे, त्याला ते ऐकावेसे वाटे.

७

त्या रविवारी संध्याकाळी तो बाहेरच्या खोलीत बसला होता. उजेड अजून होता. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाक्यांवर ऊन पिवळे झाले होते. जेवणाची वेळ. त्याने दिवसभर काही घेतले नव्हते, आणि आता सूर्य बुडाला की जैनांच्या नेमाप्रमाणे उद्या उगवेपर्यंत पाणीही नव्हते. आत ताटे मांडल्याचा आवाज आला. आमटीला दिलेल्या फोडणीचा वास आला. पाटाचे लाकूड फरशीवर सरकले.

"अहो," भाग्यश्रीची हाक आली. "चला. दिवस मावळतोय की."

तो उठला. किती दिवसांनी! ती विसरली, जुनी सवय जिभेवर आली, असे त्याला वाटले. त्याने तोंड उघडले.

"ओ," असे मागच्या खोलीतून आले. लोटलेले दार उघडले. पावले मधल्या खोलीतून स्वयंपाकघराकडे गेली, सावकाश, घरच्या माणसाची असतात तशी. पाट पुन्हा किंचित सरकला.

अनेकांत बोळकांडीतून गेला. स्वयंपाकघराचे दार अर्धे उघडे होते. फटीतून त्याला भाग्यश्री दिसली. हातात पळी, मान एका बाजूला कललेली, खाली पाहून कोणाचे तरी बोलणे ऐकत होती. ओठ मिटून हसत होती. असा चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता. म्हणजे तिच्यापाशी असा चेहरा होता. आपल्याला दाखवायला तिने तो कधी बाहेर काढला नव्हता. भीतीच्या आधी त्याला तेच लागले, आणि भीतीपेक्षा खोल लागले.

दाराच्या कडेपाशी ताट दिसत होते. ताटावर एक हात आडवा धरलेला होता, पुरे म्हणताना धरतात तसा. बोटे निमुळती, नखे नीट कापलेली. अंगठ्याला आणि तर्जनीला खडूची पांढरी पूड.

अनेकांतने आपला हात उजेडात धरला. तो काल दिवसभर फळ्यासमोर उभा होता, आणि परवाही. हाताची बोटे नुकत्याच धुतलेल्या भांड्यासारखी कोरी होती.

"भाग्यश्री," तो म्हणाला. आवाज बारीक निघाला.

तिने वर पाहिले. दचकली नाही. पदर खांद्यावर ओढून घेतला, दाराशी आली, आणि घरी उतरलेल्या माणसाशी बोलावे तशा आर्जवाने, आतल्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली:

"अनेकांत, जरा बाहेर बसा हं. हे उठले की वाढतो तुम्हाला."

तो बाहेर येऊन बसला. समोरच्या टाक्यांवरचे ऊन वर सरकत सरकत शेवटच्या टाकीच्या झाकणापाशी गेले होते. आत जेवण चालू होते, आणि कोणालाही घाई नव्हती.